आकडे आठवतात, मग क्रम का निसटतो? (अल्पकालीन स्मृतीची गणिती मॉडेल्स)

अंकपाश

मंडळी, गेले दोन महिने मी एकाच प्रश्नाच्या मागे लागलो आहे. इथे स्मृती, भाषा, संगणन यांत रस असणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात साधीच. फोनवर सहा आकडी ओटीपी आला, मी मुलीला वाचून दाखवला: ४८१७३६. तिने भरला ४१८७३६. एकही आकडा गळला नाही, बाहेरचा एकही घुसला नाही. फक्त दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल. मी तिला "नीट ऐक" म्हणालो आणि लगेच जाणवलं की तिने नीटच ऐकलं होतं. सहाच्या सहा आकडे तिच्याकडे होते, निसटला होता तो क्रम. म्हणजे 'काय' आणि 'कितवं' या दोन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या ठेवल्या जात असणार. कशा, याची गणिती मॉडेल्स मानसशास्त्रज्ञ कित्येक दशकं बांधत आले आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पटकन सुचणारं उत्तर साखळीचं. ४ मुळे ८ आठवायचा, ८ मुळे १, असं कडीला कडी. एबिंगहाउसने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरसमूह पाठ करून जे प्रयोग मांडले, त्यांच्या मुळाशी हीच कल्पना होती. कार्ल लॅशलीने १९५१ मध्ये तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. पियानोवादकाची बोटं इतक्या झपाट्याने पडतात की एका हालचालीची संवेदना मेंदूपर्यंत पोचून तिने पुढची हालचाल सुरू करायला वेळच उरत नाही. पुढचं आधीच तयार असावं लागतं.

मला मात्र खरं पटलं ते चुकांमुळे. समजा यादी आहे: क ट म ल स ह. कोणीतरी चुकून 'ट' पासून सुरुवात केली. आता पुढे काय येईल? साखळी खरी असेल तर 'ट' मागोमाग 'म' यायला हवा. प्रत्यक्षात लोक मागे वळून राहिलेला 'क' उचलतात आणि मग 'म' कडे जातात. छोट्या याद्यांमध्ये अशी भरपाई सरळ पुढे निघून जाण्याच्या साधारण दुप्पट वेळा दिसते. मुलीने केलं ते हेच. ८ हुकला, १ आधी आला, आणि त्यानंतर ७ न येता हुकलेला ८ आला.

हे वागणं जवळजवळ फुकटात देणारं एक मॉडेल आहे. माइक पेज आणि डेनिस नॉरिस यांनी १९९८ मध्ये मांडलेलं 'प्रायमसी मॉडेल'. मूळ कल्पना त्याच्याही आधीची, स्टीफन ग्रॉसबर्गची, १९७८ ची. यात घटकांमध्ये एकमेकांशी जोडणी नसतेच. प्रत्येक घटकाला एक जोर मिळतो: पहिल्याला सगळ्यात जास्त, दुसऱ्याला थोडा कमी, तिसऱ्याला आणखी कमी. मडक्यांची उतरंड असते ना, तशी. आठवताना ज्याचा जोर त्या क्षणी सर्वाधिक, तो बाहेर येतो, आणि बाहेर आला की त्याला दाबून टाकलं जातं. मग उरलेल्यांत पुन्हा चढाओढ. याला 'स्पर्धात्मक रांग' म्हणू या.

पायथनमध्ये चाळीसेक ओळींत हे लिहून बघितलं. क ला १०, ट ला ९, म ला ८, असे जोर दिले आणि प्रत्येक फेरीत थोडा यादृच्छिक गोंगाट मिसळला. एका फेरीत क चे झाले ९.४ आणि ट चे ९.७. ट जिंकला, छापला गेला, दाबला गेला. पुढच्या फेरीत गोंगाट नवा, पण क चा मूळ जोर १० च, आणि समोर म चे जेमतेम ८. क आला. भरपाईसाठी मी एकही ओळ वेगळी लिहिलेली नव्हती. पडद्यावर 'ट क म ल स ह' उमटलं तेव्हा मुलीचा ४१८ डोळ्यांसमोर आला आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तुम्हाला काय वाटतं? साखळी खरंच मोडीत निघाली का?

---

कातरवेळ

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. उतरंड असेल तर शेवटचा घटक सगळ्यात अशक्त. मग तो सर्वांत जास्त चुकायला हवा. पण यादीचा शेवटचा आकडा बहुधा बरोबर येतो, आधीचेच गोंधळतात. हे कसं?

---

अंकपाश

@कातरवेळ, हाच प्रश्न मलाही पडला होता. चुका बहुतेक शेजाऱ्याशेजाऱ्यांत होतात. तिसरा घटक चौथ्याच्या किंवा दुसऱ्याच्या जागी जातो, सहाव्याच्या जागी क्वचित. मधल्या घटकाला दोन्ही बाजूंना शेजारी असतात, शेवटच्याला एकाच बाजूला. शिवाय त्याची पाळी येईपर्यंत बाकीचे दाबले गेलेले असतात, म्हणजे स्पर्धाच उरत नाही. माझ्या कोडमध्येही शेवटी आलेख वर वळतो. वळण लहान असतं, पण असतं.

मॉडेलमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी मी आधी लिहिली नाही. सगळे जोर काळानुसार घसरत जातात आणि घसरताना त्यांच्यातला फरकही आक्रसतो. गोंगाट तेवढाच राहिला आणि फरक कमी झाले की अदलाबदल वाढणार. मनातल्या मनात घोकलं की उतरंड पुन्हा उभी राहते. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची जी कल्पना मांडली, तिच्यातल्या ध्वनी-आवर्तनाला (आवाजाच्या रूपात घोकत ठेवण्याच्या भागाला) पेज-नॉरिस यांनी अशी आकड्यांची चौकट दिली.

---

धूळपाटी

साखळीवर जरा अन्याय होतोय, म्हणून लिहितो.

'एक कडी तुटली की पुढचं सगळं गेलं' ही साखळीची अगदी बाळबोध आवृत्ती झाली. मर्डॉकचं टोडॅम हे साखळीचंच मॉडेल (१९८२) आणि त्यावर आधारलेलं लेवांडोव्स्की-मर्डॉक यांचं १९८९ चं काम बघा. तिथे घटक म्हणजे लांबलचक सदिश, म्हणजे आकड्यांच्या ओळी. शेजारच्या दोन घटकांचे सदिश कन्व्होल्यूशन या गणिती क्रियेने एकत्र गुंफून एकाच स्मृतीत मिसळतात. आठवताना हाती येतो तो धूसर सदिश. तो इतका धूसर असू शकतो की तोंडाने शब्द उच्चारता येऊ नये, पण पुढच्या घटकाचा माग काढायला तो तरीही कामी येतो. म्हणजे चूक झाली तरी गाडी पुढे चालते.

आणि ती भरपाई सगळीकडे दिसत नाही. सोलवे, मर्डॉक आणि कहाना यांनी २०१२ मध्ये लांब याद्यांचा विदा पुन्हा तपासला, तेव्हा चुकून पुढे उडी मारलेले लोक तिथूनच पुढे जाताना जास्त दिसले. साखळीला हवं तसंच. यावर फॅरेल, हर्लस्टोन आणि लेवांडोव्स्की यांचं २०१३ चं उत्तर आहे, की नेहमीच्या छोट्या याद्यांच्या प्रयोगांत भरपाईच वरचढ ठरते. माझ्या मते यातून एवढं तरी निघतं की सहा आकडे ऐकून लगेच म्हणणं आणि लांब यादी पुन्हा पुन्हा पाठ करणं ही दोन वेगळी कामं असू शकतात. अंकपाश, तुमच्या धाग्याचा विषय पहिलं काम आहे. निकाल देताना दुसऱ्यावर पाणी सोडू नका.

---

अंकपाश

@धूळपाटी, मनापासून आभार. 'मोडीत निघाली का' हे मी घाईने लिहिलं. लांब यादी पाठ करण्याबाबत तुमचं म्हणणं मान्य.

पण लगेच म्हणण्याच्या कामापुरता एक पुरावा असा आहे की त्याला टोडॅमकडूनही मला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. कॉनराडने १९६४ मध्ये दाखवलं होतं की अक्षरं डोळ्यांनी वाचली तरी चुका होतात त्या सारख्या आवाजाच्या अक्षरांत. बॅडलीने १९६८ मध्ये सारखी आणि वेगळी अक्षरं आलटून पालटून ठेवली. मराठीत कल्पना करा:

मीठ, पान, ढग, कान, सूर, मान.

पान, कान, मान सारखे वाजतात. मीठ, ढग, सूर वेगळे. साखळीत 'ढग' ची खूण आहे 'पान' आणि 'सूर' ची खूण आहे 'कान'. खुणाच एकमेकींसारख्या असतील तर त्यांच्या *पुढचे* शब्द गोंधळायला हवेत, म्हणजे ढग आणि सूर. प्रत्यक्षात घोळ होतो तो पान-कान-मान यांचा आपापसात. ढग आणि सूर त्यांच्या जागी ठाम राहतात, सगळे शब्द वेगळ्या आवाजाचे असलेल्या यादीत राहतील तितकेच. आलेख काढला तर करवतीचे दाते दिसतात. हेन्सन, नॉरिस, पेज आणि बॅडली यांनी १९९६ मध्ये हे आणखी बारकाईने तपासलं आणि दाते तसेच राहिले.

पेज-नॉरिस यांचं उत्तर दोन टप्प्यांचं आहे. पहिल्या टप्प्यात उतरंड क्रम ठरवते, तिला आवाजाशी देणंघेणं नाही. दुसऱ्या टप्प्यात निवडलेला शब्द उच्चारायला घेताना सारख्या आवाजाचे शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून फटका सारख्या शब्दांनाच बसतो, त्यांच्या शेजाऱ्यांना बसत नाही.

---

कातरवेळ

मीठ-पान-ढग आत्ता स्वतःवर करून बघितलं. कान आणि मान उलटे झाले! ढग जागच्या जागी.

---

रानवाट

माझं काम दिवसभर लांबलचक नोंदणी क्रमांक ऐकून टंकायचं. पलीकडची व्यक्ती सांगते, मी लिहिते. त्यातून एक निरीक्षण मांडते, उतरंडीत ते कुठे बसतं ते सांगा.

नऊ आकडे सलग सांगितले तर मी चुकते. तीन-तीन करून, मध्ये श्वास घेऊन सांगितले तर क्वचितच. पण तेव्हा जी चूक होते ती मजेशीर असते. ५२९ – ७४१ – ३८६ असं सांगितलेलं असताना मी एकदा ५४९ – ७२१ – ३८६ लिहिलं. २ आणि ४ शेजारी नाहीत, त्यांच्यात तीन जागांचं अंतर आहे. पण दोघंही आपापल्या गटात मधले! पुढे लक्ष ठेवलं तर मधला मधल्याच्या जागी जातो, पहिला पहिल्याच्या, असंच जास्त दिसलं. वर म्हटलंय की चुका शेजाऱ्यांत होतात. मग हे काय आहे?

---

अंकपाश

@रानवाट, तुमच्या प्रतिसादाने माझ्या कोडची मर्यादा एका झटक्यात उघडी केली.

उतरंडीत २ चा जोर ९ आणि ४ चा ६. दोघांच्या मध्ये ९, ७ हे आकडे उभे आहेत. त्यांना ओलांडून २ आणि ४ ची अदलाबदल होणं जवळपास अशक्य, आणि इतर कोणालाही न हलवता होणं तर त्याहून अवघड. म्हणजे डोक्यात 'कोण आधी, कोण नंतर' एवढंच नसतं, 'गटातला मधला' अशी *जागा* पण असते. गट पाडल्याने फायदा होतो हे विकेलग्रेनने १९६४ मध्ये दाखवलं आणि तीन-तीनचे गट सर्वांत लाभाचे असंही त्याला आढळलं. गट ओलांडून जागा राखणारी ही चूकसुद्धा प्रयोगशाळेत वारंवार दिसलेली आहे. तिची एक बहीणही आहे: आधीच्या यादीतला तिसरा आकडा या यादीत घुसतो, तो बहुधा तिसऱ्याच जागी घुसतो.

यासाठी जागेची मॉडेल्स लागतात. बर्जेस आणि हिच (१९९२, पुढे १९९९) यांच्या कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यात दिव्यांची एक ओळ कल्पा. त्यातले सलग काही दिवे पेटलेले, आणि प्रत्येक घटकागणिक ती पेटलेली पट्टी एकेक घर पुढे सरकते. घटक त्या क्षणीच्या पट्टीशी बांधला जातो. आठवताना पट्टी पुन्हा सुरुवातीपासून सरकवायची. लागोपाठच्या पट्ट्यांत बरेच दिवे सामाईक, म्हणून शेजारी गोंधळतात.

ब्राउन, प्रीस आणि ह्यूम यांचं ऑस्कर हे मॉडेल (२०००) मला सर्वांत देखणं वाटतं. तिथे दिव्यांऐवजी वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोलक आहेत. घड्याळ आठवा. तीन वाजून दहा मिनिटं आणि चार वाजून दहा मिनिटं या दोन वेळांत तास काटा वेगळा आहे, पण मिनिट काटा त्याच जागी. तुमचा २ तीन-दहाला ठेवला होता, ४ चार-दहाला. मिनिट काट्यावर भर देऊन शोधायला गेलं की नेमके हेच दोघे एकमेकांच्या जागी येणार.

---

चौथी_मिती

ऑस्कर वाचून चमकलो. ट्रान्सफॉर्मरच्या (आजच्या भाषा-मॉडेल्समागच्या रचनेच्या) २०१७ च्या मूळ मांडणीत शब्दाची जागा सांगायला वेगवेगळ्या वारंवारतेच्या साइन-कोसाइन लाटाच वापरल्या आहेत. काही भरभर बदलणाऱ्या, काही संथ. घड्याळाचे काटेच की! दोन अगदी वेगळ्या गरजांतून माणसं एकाच रचनेपाशी पोचली, हे बघून फार बरं वाटलं.

पण मग मुळात जागा, उतरंड हे सगळं हाताने का घडवायचं? जाळ्याला शिकू द्या. बॉटविनिक आणि प्लॉट यांनी २००६ मध्ये रिकरंट जाळं (आधीची स्वतःची स्थिती पुढच्या पायरीत परत वापरणारं) घेतलं, याद्या ऐकून परत म्हणायला शिकवलं, आणि त्यात मानवी चुकांचे बरेच नमुने आपोआप उमटले.

---

धूळपाटी

उमटले खरे, पण बोवर्स, डेमियन आणि डेव्हिस यांनी २००९ मध्ये त्या जाळ्याची एक परीक्षा घेतली. शिकवताना काही अक्षरं ठरावीक जागी कधीच येऊ दिली नाहीत. मग ती तिथे आली की जाळं अडखळलं. त्याने 'अमुक अक्षर' आणि 'तिसरी जागा' वेगळं शिकण्याऐवजी 'तिसऱ्या जागचं अमुक अक्षर' असं एकजीव शिकलं होतं. माणसाला नवा शब्द कुठल्याही जागी दिला तरी चालतं. अंकपाश यांनी सुरुवातीलाच 'काय' आणि 'कितवं' वेगळं असावं म्हटलं, ते इथे येऊन भिडतं.

---

कातरवेळ

मेंदूत प्रत्यक्ष काही सापडलंय का? की सगळं कागदावरच?

---

अंकपाश

@कातरवेळ, सापडलंय, आणि मला ते वाचताना काटा आला होता. अ‍ॅव्हरबेक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये माकडांना त्रिकोण, चौकोन अशा आकृत्या रेघ-रेघ करून काढायला शिकवलं आणि प्रीफ्रंटल (कपाळामागच्या) भागातल्या पेशींच्या नोंदी घेतल्या. पहिली रेघ ओढण्याच्या *आधीच* सगळ्या रेघांचे नमुने एकाच वेळी जागे होते आणि त्यांची ताकद त्याच क्रमाने उतरती होती. रेघ काढून झाली की तिचा नमुना मावळायचा. उतरंड, अक्षरशः. २०१९ मध्ये कोर्निशेव्हा आणि सहकाऱ्यांना माणसांच्या बोटांच्या हालचालींतही असंच दिसलं, कवटीबाहेरून चुंबकीय मोजणी करून.

दाबून टाकण्याचा पुरावा तर १९०२ पासून आहे. रान्शबुर्ग याने दाखवलं की यादीत एकच घटक थोड्या अंतराने दोनदा आला तर दुसऱ्या वेळी तो आठवायला जड जातो. एकदा बाहेर येऊन दबलेला घटक लगेच पुन्हा डोकं वर काढत नाही.

आता रानवाट यांच्यासाठी, कारण या प्रकरणातली माझी सर्वांत आवडती गाठ इथे आहे. रिचर्ड हेन्सनच्या स्टार्ट-एंड मॉडेलमध्ये (१९९८) दोन खुणा असतात. आरंभाची खूण सुरुवातीला तेज आणि हळूहळू मंद, अंताची खूण सुरुवातीला मंद आणि हळूहळू तेज. प्रत्येक जागा म्हणजे या दोन तेजांची जोडी. हेन्सनने १९९९ मध्ये वेगळ्या लांबीचे गट वापरून तपासलं. तीनच्या गटातला शेवटचा घटक चारच्या गटात चुकून गेला तर कुठे जाईल? आरंभापासून मोजलं तर तिसऱ्या जागी. तो जास्त करून जातो शेवटच्या जागी. म्हणजे जागा दोन्ही टोकांकडून मोजली जाते.

आणि इथे माझं घड्याळ अडकतं. ते आरंभापासून चालू होतं. गट तीनचा आहे की चारचा हे तो संपेपर्यंत कळत नाही, मग अंताची खूण आधीपासून तेज कशी होत जाते? हेन्सनचं म्हणणं, ती अंताची *अपेक्षा* आहे. अपेक्षा धरायला काही आधार असेल तिथे हे पटतं. गटांच्या लांबीचा अंदाजच नसेल तिथे मला पटत नाही. हार्टली, हर्लस्टोन आणि हिच यांनी २०१६ मध्ये दोलक थेट ऐकू येणाऱ्या आवाजाच्या लयीवर चालवले. लय बोलणाराच पुरवतो, त्याचा आवाज उतरला, श्वास घेतला, की दोलकांना ते कळतं. मला ही वाट जास्त खरी वाटते.

---

चौथी_मिती

थोडं अवांतर: हेबच्या १९६१ च्या प्रयोगात दर तिसरी यादी गुपचूप तीच ठेवली होती आणि लोकांना ती हळूहळू जास्त नीट यायला लागली. ही शिकवण जागेची म्हणायची का?

---

धूळपाटी

अवांतर नाहीच हे. कमिंग, पेज आणि नॉरिस यांनी २००३ मध्ये एकाआड एक घटक त्याच जागी ठेवले आणि बाकीचे बदलले. त्या जागच्या घटकांना काहीच फायदा झाला नाही. सुरुवात बदलली तरी फायदा जातो, हे १९७१ पासून माहीत आहे. म्हणजे टिकाऊ शिकणं जागेवर बेतलेलं नाही, आरंभापासूनचा अख्खा तुकडा एक शब्द असल्यासारखा साठत जातो. क्षणभराचा क्रम आणि मुरलेला क्रम वेगळे ठेवा, हे मी वर म्हणत होतो ते याचसाठी.

---

रानवाट

अंकपाश, तुमचा प्रतिसाद वाचून आज कामावर लक्ष ठेवलं. एक क्रमांक ३-४ असा आला: ६१८ – २९४७. मी लिहिलं ६१७ – २९४८. तिसरा थेट चौथ्या जागी. सांगणाऱ्या बाईंचा आवाज ८ वर आणि ७ वर, दोन्हीकडे सारखाच खाली उतरला होता. पुढच्या फोनवरचे गृहस्थ एका सुरात, न थांबता सांगत होते. तिथे चूक झाली ती शेजारच्या दोन आकड्यांची.

---

अंकपाश

@रानवाट, दोन्ही क्रमांक वहीत उतरवून घेतले. घड्याळाचं कोड आज रात्री पुन्हा उघडतो. मिनिट काटा आता ठरावीक वेगाने फिरणार नाही, आवाज उतरला की तो शून्यावर येईल. पहिली यादी ६१८ – २९४७ हीच देतो.